काटेकोर माणसांचा काढा

उकडीच्या मोदकाला एकवीसच कळ्या पडल्या पाहिजेत, असं कोणत्याही पोथीत मी तरी वाचलेलं नाही. तरीही गिरगावात आणि दादरला अशी घरं आहेत, जिथे चतुर्थीच्या सकाळी चौदा-पंधरा कळ्यांचा मोदक ताटातून उचलून मोडला जातो आणि पुन्हा वळला जातो. तोवर उकड निवते, पारी तडकते, पोरं भुकेने किरकिर करायला लागतात, गुरुजी घड्याळाकडे बघतात. जेवणं झाल्यावर सगळे मोदकांची तारीफ करतात, पण करणारीला आठवत असतो तो एकच, मोदकपात्रात फुटलेला.

हा लेख तिच्यासाठी आहे. परळला जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत रात्री दहाला तोच मेल चौथ्यांदा वाचत बसलेल्या तिच्या भावासाठीही आहे. दहावीला ९४ टक्के पडले म्हणून दार लावून रडणाऱ्या तिच्या मुलीसाठी तर आहेच.

अशा माणसांना आपण परफेक्शनिस्ट म्हणतो आणि म्हणताना आवाजात कौतुक असतं. मुलाखतीत ‘तुमचा दोष सांगा’ म्हटलं की लोक हाच दोष सांगतात, कारण तो दोष वाटतच नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये या स्वभावाचे तीन प्रकार मांडले. पहिला, स्वतःकडून अचूकपणाची अपेक्षा. दुसरा, इतरांकडून तीच अपेक्षा. आणि तिसरा, लोकांना आपल्याकडून तसंच हवं आहे, नाहीतर ते आपल्याला नावं ठेवतील, ही समजूत. त्रास तिन्हींत आहे, पण तिसरा सर्वांत जाच देतो. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातल्या माहितीचा अभ्यास टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी केला, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सर्वांत जास्त. आपल्याकडे चाळीत गॅलरीतून शेजाऱ्यांचं लक्ष असायचं, आता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं असतं. दादरच्या एका अख्ख्या पिढीने ‘बोर्डात येणं’ हे घरातलं पहिलं मंगलकार्य मानलं. गुणवत्ता यादी बंद झाली, पण डोक्यातली यादी काही बंद झालेली नाही.

तर असा माणूस शिणला, झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली की पहिला प्रश्न विचारतो, ‘शांत वाटायला काही घेता येईल का?’ गोळी नको असते, ‘आयुर्वेदिक काहीतरी’ हवं असतं. प्रश्न रास्त आहे. वनस्पतींत मन निवांत करणारं काही नाही असं म्हणणाऱ्याने परळचा इतिहास वाचलेला नसतो.

सर्पगंधा हे झुडूप आपल्याकडे पूर्वीपासून उन्माद, निद्रानाश आणि चढलेल्या डोक्यासाठी वापरात होतं. मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जल वकील परळच्या केईएम रुग्णालयात रुग्ण बघत. उच्च रक्तदाबावर सर्पगंधेच्या मुळांचा कसा उपयोग होतो, याचा त्यांचा लेख १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगभरच्या डॉक्टरांचं या मुळाकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पीन वेगळं काढलं. दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरलं. आधुनिक मनोविकारशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या औषधांत एक औषध असं भारतीय मुळातून आलं. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत डॉ. वकील होते.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध, जो सहसा कोणी सांगत नाही. रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी आल्याच्या नोंदी त्याच दशकात होऊ लागल्या. तो परिणाम नेमका किती खरा, यावर शास्त्रज्ञ पुढे बरीच वर्षं भांडले, पण औषधावरचा इशारा राहिला. शांत करणारी मुळी माणसाला नको तितकं शांत करू शकते, एवढं यातून समजून घ्यावं. म्हणून सर्पगंधा कोणी ‘घरगुती उपाय’ म्हणून सुचवली तर हात जोडा आणि पुढे चला. ती वैद्याच्या देखरेखीखालचीच गोष्ट आहे.

मग घरगुती काय? अश्वगंधेपासून सुरू करू, कारण हल्ली जो तो तिचंच नाव घेतो. २०१२ मध्ये हैदराबादच्या एका अभ्यासात ताणाने गांजलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साठ दिवस दिला. बाकीच्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी. अर्क घेणाऱ्यांचा ताण मोजपट्टीवर बराच उतरला. त्यानंतरचेही अनेक छोटे अभ्यास त्याच बाजूने आहेत. पण ते छोटे आहेत, आणि त्यांत वापरलेला अर्क म्हणजे दादरच्या दुकानातलं चूर्ण नव्हे. चूर्णात गुणकारी घटक किती हे मुळावर, साठवणीवर आणि दुकानदाराच्या नेकीवर अवलंबून असतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. मला ती जरा अतीच वाटते, पण यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल, झोपेची किंवा मधुमेहाची औषधं असतील, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा घेऊच नये. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली तर त्या दिवशी बंद करून तपासणीला जावं.

‘आयुर्वेदिक आहे, त्याचे काय साइड इफेक्ट?’ हे वाक्य मुंबईच्या लोकलमध्ये दिवसाला शेकडो वेळा उच्चारलं जात असेल. केईएममध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींचा आधुनिक औषधशास्त्राच्या कसोट्या लावून अभ्यास केला, तो त्यांची महती गाण्यासाठी केला नव्हता, त्यांना जोखण्यासाठी केला होता. (‘फुलवा’ आणि ‘हिरवाई’ लिहिणाऱ्या डहाणूकर त्या ह्याच.) आणि कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल, याची खात्री केलेली नाही. माझ्या मते घेणाऱ्यासाठी हा आक्षेपच जास्त घाबरवणारा आहे. पिशवीत नेमकं काय आहे ते तज्ज्ञांनाही सहज सांगता येत नसेल, तर रस्त्यावरून जुडी घेणाऱ्याला काय कळणार?

ब्राह्मीचं तर ठरलेलंच आहे. ओल्या ब्राह्मीची जुडी म्हणून आपल्याकडे पुष्कळदा मंडूकपर्णी मिळते, बेडकाच्या पावलासारख्या गोलसर पानांची, जमिनीलगत पसरणारी. दुसरी ब्राह्मी बारीक, जाडसर पानांची, पाणथळ जागेत वाढणारी, जिला शास्त्रज्ञ बाकोपा म्हणतात. स्मरणशक्तीवरचे बरेचसे अभ्यास या दुसरीवर झालेले आहेत. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे परवाच्या प्रेझेंटेशनसाठी आज ब्राह्मी घेऊन काही उपयोग नाही. रिकाम्या पोटी घेतली तर काहींना मळमळतं. शंखपुष्पीच्या नावाखाली तर दोन-तीन वेगवेगळी झाडं विकली जातात. म्हणून पाकीटबंद वस्तूच घ्यावी. तिच्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. यातलं काही नसेल तर ती वस्तू फडताळात ठेवण्याच्या लायकीची नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधं २००४ मध्ये तपासली, तेव्हा १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

जटामांसीबद्दल एवढंच सांगतो की ती हिमालयात उंचावर उगवते आणि ओरबाडून काढल्यामुळे जगातून नाहीशी होण्याच्या बेतात आहे. वैद्याने दिली तर घ्या. कुतूहल म्हणून विकत घेऊ नका.

जायफळ मात्र घरचं. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्यासाठी दगडफूल, नागकेशर तोलून घेताना बायका जायफळही उचलतात, पुरणासाठी आणि श्रीखंडासाठी. श्रीखंड-पुरी खाऊन दुपारी जी सुस्ती येते तिचं श्रेय घरोघरी जायफळाला दिलं जातं. मला चक्का आणि पुऱ्यांचा वाटा अधिक वाटतो. पण रात्री कोमट दुधात सहाणेवर दोन वेढे उगाळलेलं जायफळ घ्यायला काही हरकत नाही. दोनच वेढे. ‘चिमटीने झोप येते तर चमच्याने अजून छान येईल’ हा खास परफेक्शनिस्ट विचार इथे धोक्याचा आहे. अख्ख्या जायफळाइतकी पूड एका वेळी पोटात गेली, तर छाती धडधडते, उलट्या होतात, भास होतात आणि रात्र इस्पितळात काढावी लागते.

गवती चहा मला सर्वांत आवडतो आणि त्याच्याबद्दल खरं सांगायला हवं. दादर स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी भाजीवाल्या मावश्या पुदिना, आलं आणि गवती चहाच्या जुड्या घेऊन बसतात. पात बोटांत चुरगळली की जो वास येतो, त्यानेच अर्धा शीण जातो असं वाटतं. पण ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात माणसांवर नीट चाचणी घेतली, तेव्हा गवती चहाने झोप किंवा चिंता यांवर काही फरक पडलेला दिसला नाही. तरी मी तो सुचवतो. कारण तो नुसत्या पाण्यात उकळला तर त्यात कॅफिन नसतं. आपली गंमत अशी की आपण तो घालतो कडक चहात, आणि दिवसाला सहा-सात कटिंग रिचवून रात्री झोप का येत नाही म्हणून अश्वगंधा शोधतो. दुपारी चारनंतरचे चहा आणि कॉफी पंधरा दिवस बंद करून पाहा. काहींना त्यानंतर दुसऱ्या कशाची गरज पडत नाही.

आणि एक उपाय वनस्पतीचा नाही पण आजीच्या कपाटातला आहे, काशाची वाटी. झोपण्याआधी तळपायाला खोबरेल किंवा तूप लावून त्या वाटीने दहा मिनिटं गोल गोल घासायचं. थोड्या वेळाने तळवे काळपट होतात. ‘अंगातली उष्णता बाहेर आली’ असं म्हणतात, तसं काही नसतं. काशातल्या तांब्या-कथलाचा तेलाशी आणि घर्षणाशी संबंध येऊन तो रंग चढतो. उष्णता बाहेर येवो न येवो, पाय सैलावतात हे मात्र खरं. शक्य असेल तर हे दुसऱ्याकडून करून घ्या. नवऱ्याकडून, बहिणीकडून, मुलाकडून. काटेकोर माणसाला सगळ्यात कठीण काय असेल, तर हातात काही काम न घेता बसणं आणि दुसऱ्याने केलेलं, ते जरा वेडंवाकडं असलं तरी, चालवून घेणं. वाटी फिरवणारा चुकीच्या दिशेने फिरवत असेल, तर फिरवू द्या.

इथवर वाचून तुम्ही वही काढली असेल, आणि नेमकी तीच अडचण आहे. सकाळी साडेसहाला कोमट पाणी, सातला चूर्ण, नऊला प्राणायाम, रात्री वाटी, शेजारी टिकमार्क. असा अश्वगंधेचा तक्ता एक्सेलमध्ये करणारी माणसं मी पाहिली आहेत. एक दिवस चुकला की त्यांना जे वाटतं, तेच आजाराचं मूळ असतं. औषधाने शरीराचा ताव थोडा उतरेल. पण ताव आणणारा विचार तसाच राहिला, तर शांत होणं हेही आणखी एक काम होऊन बसतं, ज्यात नापास होता येतं.

या विचारावर हयातभर काम केलेला माणूस म्हणजे अल्बर्ट एलिस. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जी उपचारपद्धती सुरू केली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मराठी वाचकाला ते परके नाहीत. मुंबईतले मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, ही पद्धत इथे शिकवली, तिच्याबद्दल मराठीत लिहिलं. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल. वाचली नसेल तर वाचनालयात मागा. एलिसचं म्हणणं साधं होतं. घटना आपल्याला जितकी छळते, त्याहून जास्त छळते ती घटनेबद्दलची आपली हट्टी मागणी. चांगलं काम व्हावं ही इच्छा निरोगी आहे. ते व्हायलाच हवं, नाहीतर मी कुचकामी, ही मागणी माणसाला पोखरते.

कागदावर हे कसं करायचं ते एका उदाहरणाने दाखवतो. तुम्ही साहेबांना मेल पाठवलात. रात्री लक्षात आलं की एका आकड्यात स्वल्पविराम चुकला आहे. पोटात गोळा आला, झोप गेली. कागद घ्या आणि डोक्यात जे वाक्य वाजतंय ते जसंच्या तसं लिहा, सुधारून नाही. बहुधा ते असं असेल: ‘एवढंही जमत नाही मला. त्यांना वाटेल हिला काही येत नाही. माझ्या हातून अशी चूक होताच कामा नये.’ मग त्या वाक्याला तीन प्रश्न विचारा. होता कामा नये, असं कुठे ठरलंय? साहेबांनी एका स्वल्पविरामावरून माणूस निकालात काढल्याचा पुरावा काय? आणि असा विचार केल्याने आज रात्री माझं काय भलं होतंय? नंतर दुसरं वाक्य लिहा, पहिल्यापेक्षा मऊ पण खोटं नाही: ‘मला बिनचूक लिहायला आवडतं. ही चूक राहिली, ओशाळल्यासारखं वाटतंय. उद्या सकाळी एका ओळीत दुरुस्ती पाठवीन.’ ‘मी ग्रेट आहे, सगळं छान होणार’ असलं काही लिहू नका. काटेकोर माणसाला खोटी स्तुती लगेच ओळखू येते आणि मग तो या पद्धतीवरचाच विश्वास गमावतो.

पहिले काही दिवस दुसरं वाक्य पोकळ वाटेल. वाटू द्या. ते पटण्याची वाट न बघता तसं वागून बघायचं, असा एलिसचा आग्रह असे. ते स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे. ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन त्यांनी बाकावर एकट्या बसलेल्या शंभर जणींशी बोलणं काढलं. एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही. पण भीती गेली, कारण नकाराने आकाश कोसळत नाही हे शंभर वेळा पाहून झालं होतं. (आपल्या राणीबागेत हा प्रयोग करू नका, सुरक्षारक्षक वेगळा अर्थ घेतील.) पुढे ते रुग्णांना मुद्दाम लाज वाटेल अशा निरुपद्रवी गोष्टी करायला सांगत. त्यातली एक म्हणजे भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारणं. तुम्ही स्लो लोकलने जात असाल तर एकदा करून पाहा. डब्यात उभं राहून खणखणीत आवाजात ‘पुढचं स्टेशन करी रोड’ असं म्हणायचं. चार जण वळून बघतील, एक हसेल, चिंचपोकळी येईपर्यंत सगळे आपापल्या मोबाइलमध्ये परत गेलेले असतील.

इतकं धाडस नसेल तर छोटं काहीतरी करा. रानडे रोडवरच्या दुकानात पाच साड्या उलगडायला लावून एकही न घेता ‘आज नाही’ म्हणून बाहेर पडा. घरच्यांच्या ग्रुपवर शुद्धलेखन न तपासता मेसेज टाका. पाहुणे यायच्या आधी हॉल आवरा आणि आतली खोली तशीच ठेवून दार ओढून घ्या. हळदीकुंकवाला वाणाच्या पिशव्यांवर एकसारखी रिबीन बांधू नका.

‘म्हणजे दर्जा सोडायचा का?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मुळीच नाही. केईएमच्या वॉर्डात इंजेक्शनचा डोस भरणाऱ्या सिस्टरने शंभर टक्के अचूकच असायला हवं. गॅसची जोडणी, चेकवरचा आकडा, मुलाच्या औषधाचा चमचा, इथे हयगय नको. प्रश्न हा की तितकीच नजर आपण घडी केलेल्या टॉवेलच्या कडांवरही रोखून बसलो आहोत का. संध्याकाळी पाच मिनिटं काढून उद्याची कामं लिहा आणि ज्या दोन कामांत चूक महागात पडेल त्यांच्यावर खूण करा. बाकीची कामं ‘चालेल’ एवढ्या दर्जाची करायची, ती सुरू करायच्या आधीच तसं ठरवून. काम संपताना ठरवायला गेलात तर हात आवरत नाही.

हात कसा आवरायचा हे बघायचं असेल तर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत चक्कर मारा. वरून ताडपत्री, खाली रंगाचे डबे, आणि शिडीवर बसून कोणीतरी बाप्पाच्या डोळ्यांची आखणी करत असतो. त्या कामात कमालीची एकाग्रता असते. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, एक रेघ. परळच्या मूर्तिकारांची ख्याती याच डोळ्यांवर उभी आहे. पण त्याच कारखान्यात मूर्तीच्या पाठीकडे, जिकडे मखर येणार आहे, तिकडे पाहा. तिथे रंग एका हातात उरकलेला असतो. नजर कुठे खर्च करायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आणि तारीख ठरलेली असते. मंडळाची पोरं ढोल-ताशासकट दारात उभी राहिली की ‘अजून अर्धा तास द्या, शेल्याची किनार बदलतो’ असं म्हणायची सोय नसते. गणपती मंडपात जातो आणि मूर्तिकार पुढच्या मूर्तीकडे वळतो. आपल्या कामांना अशी चतुर्थी नसते, म्हणून ती लांबतात. ती आपणच लावावी. साडेसातला लॅपटॉप बंद म्हणजे बंद, मग तेव्हा ते काम ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत पाठवून द्यायचं.

मुलांबाबत एक विनंती. ९४ टक्के सांगत आलेल्या मुलीला ‘सहा कुठे गेले?’ असं विचारू नका, थट्टेतही नाही. तिला ‘काय खाणार?’ विचारा. गुणांची चर्चा चार दिवसांनी करा, आणि ती करताना कोणत्या विषयात मजा आली इथून सुरुवात करा. मुलं लोकांना काय वाटेल याचा पहिला धडा शेजाऱ्यांकडून घेत नाहीत, तो घरातच मिळतो.

आता सीमारेषा. काढे, वाटी, कागद-पेन हे सगळं दमलेल्या माणसासाठी आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप धड लागत नसेल, जेवण-कामावरचं लक्ष उडालं असेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो स्वभाव राहिलेला नाही, आजार झाला आहे आणि त्याला उपचार आहेत. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जे. जे. या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी आहे. आयुर्वेदाच्याच वाटेने जायचं असेल तर वरळीचं पोदार रुग्णालय आहे. तिथेही वैद्यांपुढे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची डबी लपवू नका, सोबत न्या. मनोविकाराची गोळी चालू असेल तर काढा सुरू केला म्हणून ती परस्पर बंद करू नका.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, आणि मराठीत बोलता येतं.